बस यायच्या आधीच सत्कार

मी तोंडाची फटकळ आहे, ते आधीच सांगून टाकते. म्हणजे मागनं कुणी म्हणायला नको की सोजरबाईनं लई तोंड सोडलं. निंगव्वाअक्का स्वतः काही बोलत नाही, म्हणून तिच्या वाटचंही मलाच बोलावं लागतं. तिचं एक ठरलेलं आहे. काहीही झालं की "होगली बिड" म्हणायचं. कानडीत म्हणजे जाऊ दे, सोड. नळाला पाणी आलं नाही, होगली बिड. सुपरवायझर विनाकारण खेकसला, होगली बिड. रिक्षावाल्यानं तिघींच्या जागेत पाचजणी कोंबल्या आणि हिचा अर्धा पाय बाहेर लोंबकळत राहिला, तरी होगली बिड. मला तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा म्हटलं, अक्का, सगळंच सोडून दिलंस तर धरायचं काय? तर भाकरीचा तुकडा मोडत हसली आणि म्हणाली, "माझी दानेश्वरी."

दानेश्वरी म्हणजे तिची एकुलती एक लेक. नवरा गेला तेव्हा पोरगी दुसरीत होती. तेव्हापासून या दोघी थोरल्या दिराच्या घरात राहतात, अक्कलकोट रोडच्या बाजूला. दिराचं नाव गुरुबसप्पा. भुसाराचं लहानसं दुकान, कपाळाला विभूती, बोलणं मोजकं. माणूस वाईट नाही. भावाच्या माघारी दोघींना त्यानं पोटाशी धरलं, पोरीला शिकवलं, कधी बोलून दाखवलं नाही. फक्त त्याला चार लोक काय म्हणतील याची फार चिंता, आणि ते चार लोक कोण हे मला आजवर कळलेलं नाही.

अक्का आणि मी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहोत. ती धागे कापायला, मी पॅकिंगला. माझं माहेर केमचं. तिथं लोक स्टेशनवर जातात आणि गाडी येते. सोलापुरात आले आणि कळलं की हितं थांबा आधी असतो, गाडीचं नंतर बघतात.

आमच्या कारखान्याच्या पलीकडं औषधाची कंपनी आहे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही लिंबाखाली डबा उघडायचो, तेव्हा त्या कंपनीच्या पोरी पांढरा कोट घालून गेटातून आत-बाहेर करताना दिसायच्या. अक्का टक लावून बघायची. शेंगाचटणी हातात तशीच राहायची. एक दिवस म्हणाली की माझी दानी त्या गेटातून आत गेली की मी सुटले. आम्ही सगळ्या हसलो. पण पोरगी खरंच हुशार निघाली. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली आणि त्याच कंपनीच्या लॅबमध्ये मुलाखतीला गेली, निवडही झाली. ड्युटी मात्र उशिराची, सुटेपर्यंत अंधार पडणार.

गुरुबसप्पांनी नोकरीला नाही म्हटलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. त्यांनी एकच विचारलं, पोरगी येणार कशी?

आता ज्याला चिंचोळी माहीत नाही त्याला या प्रश्नातली मेख कळायची नाही. गावातनं आधी जुना पुणे नाका गाठायचा. तिथं शेअर रिक्षाची वाट बघायची. रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की एवढी भरते की श्वास कुठं घ्यावा असा प्रश्न पडतो. मग हायवे. बाजूनं कंटेनर जातो तेव्हा रिक्षा हलते आणि आतल्या बायका देवाचं नाव घेतात. सकाळचं निदान उजेडात तरी होतं. संध्याकाळी अंधार पडल्यावर कोण रिक्षावाला येईल, किती पिऊन येईल, येईल की नाही, कशाचा भरवसा नाही.

विधानसभेची निवडणूक आली त्याच्या थोडं आधी आमच्यातली एक पोरगी चालत्या रिक्षातनं पडली. हाताला टाके पडले, वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी ठरवलं नव्हतं, पण नाक्यावर बायका रिक्षात बसेचनात. कुणीतरी रस्त्यावर बसलं, मग सगळ्याच बसल्या. मी पुढं होते, सांगायला कशाला लाजू. दोनशे तरी बायका असतील. पोलीस आले, पेपरवाले आले, फोटो निघाले. आणि बघा, संध्याकाळपर्यंत आम्हाला भाव आला. आजवर आम्हाला कुणी कुत्रं विचारत नव्हतं आणि त्या महिन्यात दोन्हीकडचे उमेदवार आमच्या गेटावर. एकीकडं दिग्विजयदादा. त्यांची शाळा-कॉलेजं आहेत, पिवळ्या बसांचा ताफा आहे. दुसरीकडं विरोधातल्या ताई. दोघांच्याही तोंडात एकच, एमआयडीसीतल्या बहिणींना बस पाहिजे. दादा म्हणाले मी आणतो, ताई म्हणाल्या मी त्यांच्या आधी आणते. रिक्षाच्या भोंग्यावर आमची बस, पत्रकावर आमची बस. नवरा म्हणाला, सोजर, तू तर पुढारी झालीस. मी म्हटलं, तू चहा कर.

आचारसंहिता लागायच्या आदल्या दिवशी दादांनी मंजुरीचा कागद आणला. गेटासमोर जीपच्या बॉनेटवर उभं राहून तो वर धरला. सरकारी बस मंजूर झाली आहे, कागदोपत्री वेळ लागेल, तोवर माझ्या संस्थेची बस तुमच्या सेवेला, असं म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

आणि हितं आम्ही माती खाल्ली.

आमच्याकडं एक खोड आहे. काम होऊ दे, मग बघू, हे आम्हाला जमतच नाही. कुणी नुसतं "करतो" म्हटलं की आमचा हात चादरीकडं जातो. सोलापुरात चादरीला काय तोटा? प्रत्येक घरात माळ्यावर चार चादरी घडी न मोडता पडलेल्या असतात, कुणाच्या तरी सत्काराला मिळालेल्या आणि कुणाच्या तरी सत्काराला जाणार असलेल्या. साहेब बदलून आला की सत्कार, साहेब बदलून गेला की सत्कार. मंजुरी मिळाली म्हणजे तर सत्कार केलाच पाहिजे, नाहीतर माणसाला वाटेल यांना किंमत नाही. गुरुबसप्पांनीच पुढाकार घेतला. त्यांच्या पुतणीचा प्रश्न सुटला होता ना. समाजाच्या हॉलमध्ये त्याच दिवशी संध्याकाळी कार्यक्रम ठरला. हार आला, फेटा आला, पेढे आले. फ्लेक्सवाल्याला सांगितलं, "महिलांसाठी बस सुरू केल्याबद्दल जाहीर आभार." त्यानं विचारलं, झाली का सुरू? आम्ही म्हटलं, होईलच की.

चादर घालायचा मान निंगव्वाअक्काला दिला, वयानं मोठी म्हणून. ती नको नको म्हणत होती. शेवटी गेली स्टेजवर. दादा उंच, ही बुटकी. दादा वाकले, हिनं टाचा उचलल्या, चादर खांद्यावर घातली आणि नारळ हातात देताना तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. फोटोग्राफरनं बरोबर तेव्हाच बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी ताईंची सभा होती. मी मुद्दाम गेले, बसबद्दल आज काय बोलतात बघायला. रस्ता बोलल्या, पाणी बोलल्या, महागाई बोलल्या. बसचं नाव नाही. सभा संपल्यावर त्यांच्या एका कार्यकर्तीला धरलं आणि विचारलं, कालपर्यंत बस बस करत होता, आज काय झालं? ती म्हणाली, ते काम दादांच्या नावावर गेलं, आता आम्ही त्यांची जाहिरात कशाला करू? मला तेव्हा त्याचा एवढा अर्थ लागला नाही. मला वाटलं, आपल्याला काय, बस आली म्हणजे झालं.

आणि बस आली, खोटं बोलणार नाही. पिवळी, कॉलेजची, समोर झेंडूचा हार. सकाळी एक, संध्याकाळी दोन फेऱ्या. दानेश्वरी कामावर रुजू झाली. तिची ड्युटी उशिराची, पण सकाळची फेरी एकच, म्हणून ती आईबरोबरच निघायची. पहिल्या दिवशी मायलेकी एका सीटवर बसल्या. अक्कानं खिडकीची जागा पोरीला दिली आणि स्वतः कडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, आमची दानी लॅबमध्ये लागली. अगं, आम्हाला माहीत आहे, तीन वेळा सांगितलंस, असं मी म्हटलं. तिला ऐकायलाच गेलं नाही.

निवडणूक झाली. दादा निवडून आले. गुलाल उधळला. मग एक दिवस संध्याकाळची दुसरी फेरी आली नाही. ड्रायव्हर म्हणाला, कॉलेजात परीक्षा आहेत, पोरं न्यायला गाडी लागते. बरं बाबा. मग सहल आली. मग गाडी दुरुस्तीला गेली. मग सकाळची पण येईना. बंद केली असं कुणी म्हणालं असतं तरी मी गप्प बसले असते, निदान भांडायला एक दिवस तरी सापडला असता. पण नाही. कुणी बंद केली नाही, कुणी काही म्हणालं नाही. ती आपली गुपचूप यायची राहिली. ज्या बसचं येणं भोंग्यावरनं सांगितलं, तिचं जाणं सांगायला एक माणूस मिळाला नाही. आम्ही पुन्हा नाक्यावर, पुन्हा त्याच रिक्षात.

आणि गंमत ऐका. बस गेली आणि निवारा आला. एमआयडीसीच्या कोपऱ्यावर लोखंडी पत्र्याचा, बसायला बाकडं, वर दादांचं नाव रंगवलेलं. त्याचा निधी आधीच मंजूर झाला होता म्हणे, परत कसा पाठवणार?

मी अक्काला घेऊन दादांच्या ऑफिसात गेले. दादा मुंबईला. त्यांचा पीए शिवकुमार भेटला. पोरगा लई चांगला बोलतो, एवढा चांगला की बाहेर पडल्यावर कळतं, काहीच बोलला नाही. आम्हाला चहा दिला, पंखा लावला आणि म्हणाला, मावशी, ते काम तर झालेलं आहे, दादांच्या कार्य अहवालात आलंय. मी म्हटलं, अहवालात आलंय, रस्त्यावर येईना झालंय. तर त्यानं मान वळवून भिंतीकडं बोट केलं. भिंतीवर फोटो. दादा वाकलेत, अक्का टाचा उचलून चादर घालतेय, डोळ्यांत पाणी.

"ह्या तुम्हीच ना?" त्यानं विचारलं.

अक्का लाजली. खरंच लाजली, नव्या नवरीगत. "व्हय," म्हणाली.

आता पुढं काय बोलायचं? ज्या बाईनं रडत रडत आभार मानले तीच बाई तक्रार घेऊन आली आहे, आणि तक्रार करताना लाजते आहे. तरी मी रेटलं. सरकारी बसच्या मंजुरीचं काय झालं म्हणून विचारलं. तो म्हणाला, मंजुरी आहे की, मंजुरी कुठं गेली? मी म्हटलं, मग त्या मंजुरीवर चढून घरी जायचं का आम्ही? तो हसला. वाईट वाटून घेतलं नाही त्यानं. त्या लोकांना वाईट वाटत नाही, हीच तर अडचण आहे. भांडायला समोर माणूस लागतो, हितं नुसती गादी आहे, बुक्की मारली की आत जाते.

तिथनं मी ताईंकडं गेले. ताई पडल्या होत्या निवडणुकीत, घरीच होत्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, तुम्ही तरी हा विषय उचला. त्या बाई मात्र सरळ बोलल्या. सरळ बोलल्या म्हणूनच मला जास्त लागलं.

"सोजरबाई, तुम्ही दोनशे बायका आहात, कबूल. पण राहता कुठं? कुणी अक्कलकोट रोडला, कुणी होटगी रोडला, कुणी शेळगीत, कुणी बाळ्यात. मतदानाच्या दिवशी तुम्ही एमआयडीसीत नसता, आपापल्या गल्लीत असता, आणि गल्लीत गटारीचं बोलायचं असतं. माझ्या भागात तुमच्यातल्या वीस निघतील. त्या महिन्यात पेपरात फोटो येत होता म्हणून आम्ही दोघंही तुमच्या मागं पळालो. आणि तुम्ही चादर घालून मोकळ्या झालात. सत्कार झाला की विषय मिटला. मिटलेला विषय मी उकरला तर लोक म्हणतील, हिला पोटदुखी झाली."

मी विचारलं, आणि आमची पोटदुखी? त्यांनी शेंगांची वाटी माझ्याकडं सरकवली. मी घेतल्या नाहीत. उठून आले. रस्ताभर स्वतःशी बडबडत होते, लोक वळून बघत होते. म्हणजे आम्ही रस्त्यावर बसलो तेव्हा बातमी होतो, आणि रोज जीव मुठीत धरून रिक्षात बसतो तेव्हा काहीच नाही. ज्याला द्यायचं त्यानं दिलं नाही तरी चालतं, कारण आभार जमा झालेत. आणि ज्यानं विचारायचं तो विचारत नाही, कारण आभार दुसऱ्याच्या खात्यात आहेत.

मी परत एकदा रस्त्यावर बसू म्हणून बायकांना सांगून बघितलं. पंधरा जणी आल्या. बाकीच्या म्हणाल्या, मागच्या वेळी बसलो, बस मिळाली, सत्कार केला, आता परत कुठल्या तोंडानं बसायचं? आमच्याच बायका. बसमध्ये बसून आलेल्या, आता रिक्षात कोंबून जाणाऱ्या.

इकडं दानेश्वरीच्या नोकरीवर गुरुबसप्पांची नजर होती. बस होती म्हणून त्यांनी हो म्हटलं होतं. अक्कानं एक मार्ग काढला. तिची शिफ्ट आधी सुटायची, पोरगी दोन तासांनी. अक्का तोवर घरी जायचीच बंद झाली. कारखाना सुटला की त्या निवाऱ्यातल्या बाकड्यावर जाऊन बसायची, दादांच्या नावाखाली, आणि लेक सुटली की दोघी मिळून शेवटची रिक्षा धरायच्या. रोज. थंडीत, पावसात. रिक्षावाला ओळखीचा झाला होता, हॉर्न द्यायचा, दोन मिनिटं थांबायचा. दिराला सांगितलं, मी सोबत असते, काळजी नको. दिरानं मान हलवली. कंपनीनं दानेश्वरीला सांगितलं होतं की संक्रांतीला सोलापुरात भरते ती गड्ड्याची यात्रा झाली की परमनंटची ऑर्डर देऊ. परमनंट झाली की सकाळची शिफ्ट मागता येते, मग बस असो नसो. तेवढं एक पार पडलं की झालं. अक्का दिवस मोजत नव्हती, पण मला रोज विचारायची, यात्रा कधी आहे गं? जशी काही तिला माहीतच नाही.

महापालिकेची निवडणूकही त्याच सुमाराला आली. दादा आपल्या पॅनेलच्या प्रचाराला फिरत होते. त्या दिवशी माझ्याकडं स्टॉक मोजायचं काम होतं, म्हणून मी पण उशिरा सुटले. निवाऱ्यात अक्काशेजारी जाऊन टेकले. दिवस मावळलेला. तेवढ्यात भोंगा वाजवत गाड्या आल्या. शिफ्ट सुटायची वेळ बघून आले होते, हस्तांदोलनाला. दादा उतरले, नमस्कार करत करत आमच्यापर्यंत आले. अक्काकडं बघून थबकले.

म्हणाले, ताई, तुम्हाला कुठंतरी बघितलंय. अक्का हात जोडून उभी राहिली. मग दादांनी हसून विचारलं, "इथं कशाची वाट बघताय?"

अहो, त्यांच्या डोक्यावर त्यांचंच नाव. बसच्या निवाऱ्यात बसलेली बाई कशाची वाट बघते? मी मध्ये पडले. म्हटलं, दादा, आमच्या बसचं काय झालं? त्यांनी खरंच आठवून बघितलं. कपाळाला आठी पडली. शिवकुमारकडं वळले, तो कानात काही बोलला, आणि दादांचा चेहरा खुलला. "ते आपण केलं की."

त्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. असता तर मी तिथंच धरला असता. त्या माणसाला काही लपवायचं नव्हतं, काही टाळायचं नव्हतं. तो विसरला होता. आम्ही वर्षभर जिचं नाव घेऊन झोपलो आणि उठलो, ती बस त्याच्या डोक्यातनं सत्काराच्या दिवशीच उतरली होती. माझी वाचाच बसली. माझी, सोजरची.

बोलली ती अक्का. "दादा, माज्या पोरीला परमनंट करणार हायेत, यात्रा झाली की. ती सुटती तवा अंधार पडतो. तेवडी बस करा. मी दुसरं काय मागत न्हाय."

तिनं कुणाकडं काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. दादाही जरा हलले असावेत. म्हणाले, ताई, बसचं मी बघतोच, आणि आज तर तुम्ही रिक्षानं जायचंच नाही. पुढं दोन कंपन्यांच्या गेटावर जायचं आहे, ते झालं की माझी गाडी इथं पाठवतो, तुम्हाला दारापर्यंत सोडेल. शिवकुमार, लक्षात ठेव. शिवकुमारनं मान हलवली. गाड्या भोंगा वाजवत गेल्या.

दानेश्वरी सुटून आली. पाठोपाठ शेवटची रिक्षा आली. रिक्षावाल्यानं नेहमीसारखा हॉर्न दिला. आत तीन माणसांपुरती जागा होती, आम्ही तिघीच होतो. मी पिशवी उचलली. अक्का उठली नाही.

"दादांची गाडी येनार हाय की," ती म्हणाली. मी म्हटलं, अक्का, चल, उगा नको. तिनं माझा हात धरून खाली बसवलं. म्हणाली, त्यांनी शब्द दिलाय. आपण निघून गेलो आणि गाडी रिकामी परत गेली तर त्यांना काय वाटेल? मग बसचं कुठल्या तोंडानं मागायचं? आज त्यांच्या गाडीतनं गेलो तर ड्रायव्हरजवळ निरोप देता येईल, उद्या शिवकुमारला भेटता येईल. ती सगळं लावून बसली होती मनात. दानेश्वरी पण म्हणाली, अव्वा, रिक्षानं जाऊ. अक्का रिक्षाजवळ गेली आणि त्या माणसाला म्हणाली, तू जा बाबा, आम्हाला गाडी येणार आहे. तो म्हणाला, मावशी, नक्की का? ती म्हणाली, नक्की. तिच्या आवाजात जरा मोठेपणा पण होता. आमदाराची गाडी घरासमोर थांबणार होती, दीर बघणार होता, गल्ली बघणार होती. तो गेला.

मग आम्ही बसलो. प्रत्येक जीपला अक्का उठून उभी राहायची. पांढरी गाडी दिसली की दोन पावलं पुढं जायची. भोंग्याचा आवाज आधी जवळनं यायचा, मग लांबनं, मग बंद झाला. मी शिवकुमारला फोन लावला. म्हणाला, निघालीय मावशी. दुसऱ्यांदा लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा बंद. कारखान्याचे दिवे मागं, हायवेचे पुढं, मध्ये आम्ही तिघी. शेवटी चालायला लागलो. पोरगी मध्ये, आम्ही दोघी दोन्ही अंगाला. कंटेनर जवळनं गेला की ओढणी पदर सगळं उडायचं, डोळ्यांत माती. एका ठिकाणी दोन मोटारसायकलवाले हळू झाले, काहीतरी बोलले, मी शिव्या हासडल्या, ते गेले. दानेश्वरीनं आईचा हात सोडला नाही.

निम्म्या वाटेत समोरनं गुरुबसप्पांचा भुसाराचा टेम्पो आला. शोधत आले होते. थांबले, उतरले, आमच्याकडं बघितलं, मागचं फाळकं उघडलं. आम्ही पोत्यांवर बसलो. घरापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर मी उलटं बोलले असते. न बोलणाऱ्या माणसाला काय बोलणार?

सकाळी त्यांनी दानेश्वरीला समोर बसवलं. हे मला नंतर अक्कानं सांगितलं. पोरगी त्यांना दोड्डप्पा म्हणते, म्हणजे थोरले काका. म्हणाली, दोड्डप्पा, थोडेच दिवस राहिलेत, यात्रा झाली की ऑर्डर येईल. ते म्हणाले, "नोकरी वाईट न्हाय, बाळ. रस्ता वाईट हाय. रस्ता मी कुटनं बदलून आनू?" पोरगी रडली. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं म्हणे. पण शब्द फिरवला नाही. दानेश्वरीनं कंपनीत फोन करून सांगितलं, येत नाही. पांढरा कोट कंपनीचा होता, तो परत करायला अक्काच्या पिशवीत दिला.

त्या दिवशी नाक्यावर अक्का एकटीच आली. रिक्षात माझ्या शेजारी बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मी रस्ताभर तोंडाला येईल ते बोलत होते. दादाला, त्याच्या पीएला, ताईला, आमच्या चादरींना, कुणाला सोडलं नाही. म्हटलं, अक्का, आज तरी तोंड उघड, दे की एक शिवी, मरणार नाहीस.

तिनं पिशवीतनं वर आलेला कोट आत दाबून बसवला. मग म्हणाली, "त्याला कशाला बोलतीस, सोजर. त्यो तर इसरला. रिक्षा म्होरं उबी व्हती. मीच त्याला जा म्हनले."